शहराला कवच घालता येतं का? सामूहिक संहाराच्या शस्त्रांपासून बचाव कसा होतो, आणि कुठे होत नाही

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी जवळ आला की वॉशिंग्टनवरून एक हेलिकॉप्टर फार खालून उडताना दिसतं. शेतात नांगर फिरावा तसं ते शहराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातं, थोडं सरकतं आणि परत फिरतं. उंची साधारण दीडशे फूट, वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. लोकांनी घाबरू नये म्हणून सरकार आधीच जाहीर करतं की ही फक्त मोजणी आहे.

मोजणी असते किरणोत्साराची. जमिनीतून, दगडातून, इमारतींतून थोडाफार किरणोत्सार सतत बाहेर पडत असतो. ग्रॅनाइटच्या इमारतींजवळ तो जास्त असतो, पाण्यावर कमी. राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाचं हे हेलिकॉप्टर त्याचा नकाशा तयार करतं. एखादी जागा नंतर अचानक 'उजळली', तर तो उजेड नेहमीचा आहे की नवा, हे त्या नकाशावरून कळतं.

अशा बातम्या वाचल्या की वाटतं, शहराभोवती यंत्रांचं एक अदृश्य कुंपण आहे आणि त्यातून काहीही सुटत नाही. तसं नाही. शहरातली यंत्रं ही बचावाची शेवटची फळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत कच्चीही. शहर वाचतं ते बहुतेक वेळा शहरापासून दूर, एखाद्या कुलूपबंद खोलीत. ते कुलूप तुटलंच, तर मग रुग्णालयाच्या दारात.

नाव एक, धोके चार

'सामूहिक संहाराची शस्त्रं' या नावाखाली चार गोष्टी येतात: अण्वस्त्रं, किरणोत्सारी पदार्थ पसरवणारी शस्त्रं, रासायनिक शस्त्रं आणि जैविक शस्त्रं. चौघांना एका नावात बांधल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. अणुस्फोटात सेकंदांत सगळं घडतं. विषारी वायूत मिनिटं मोजावी लागतात. रोगजंतू पसरवले तर कित्येक दिवस काहीच कळत नाही. लोक ताप अंगावर काढत कामावर जात राहतात. किरणोत्सारी पदार्थ पसरवला तर मरणारे कदाचित थोडे असतील, पण वस्ती वर्षानुवर्षं ओसाड राहू शकते.

यातलं सर्वाधिक गैरसमज असलेलं शस्त्र म्हणजे 'डर्टी बॉम्ब'. साध्या स्फोटकासोबत किरणोत्सारी पदार्थ ठेवून तो उधळायचा, एवढंच त्यात असतं. अणू फुटत नाही, हिरोशिमासारखा स्फोट होत नाही. अणुबॉम्बसाठी अतिसमृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतं, आणि ते मिळवणं फार कठीण. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेबासाठी २५ किलो अतिसमृद्ध युरेनियम किंवा ८ किलो प्लुटोनियम हा टप्पा धरते; एवढा साठा बेपत्ता झाला तर एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. डर्टी बॉम्बचं साहित्य मात्र रुग्णालयांत, कारखान्यांत, संशोधन संस्थांत कायदेशीर कामासाठी ठेवलेलं असतं.

गोयानियात काय झालं

असा पदार्थ शहरात मोकळा सुटला तर काय होतं, याचं उत्तर ब्राझीलमधल्या गोयानिया शहराने १९८७ साली दिलं. तिथे हल्ला झालाच नव्हता. कर्करोगावर किरणोपचार करणारं एक केंद्र दुसरीकडे हलवलं गेलं आणि जुन्या, पडक्या इमारतीत एक यंत्र मागे राहिलं. सप्टेंबरमध्ये दोघांनी भंगार म्हणून त्याचा भाग काढून नेला आणि विकला. आतल्या डबीत शंभर ग्रॅमपेक्षाही कमी सीझियम क्लोराइड हा किरणोत्सारी पदार्थ होता. त्याची भुकटी अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती कौतुकाने एकमेकांना दाखवली, वाटली, अंगाला लावली.

पुढचे दोन आठवडे माणसं आजारी पडत गेली आणि कारण कुणालाच कळेना. शेवटी भंगारवाल्याच्या पत्नीला संशय आला आणि तो पदार्थ बसमधून आरोग्य कार्यालयात पोचला. तपासायला बोलावलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने उसना मापक चालू केला, तर काटा सरळ टोकाला गेला. यंत्र बिघडलं असेल असं समजून त्याने दुसरा मापक आणला. त्याचाही काटा टोकालाच.

चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि ज्यांच्या संशयामुळे हे उघडकीस आलं त्या बाईही होत्या. एका स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांच्या आसपास लोकांची तपासणी झाली. प्रत्यक्ष दूषित सापडले २४९. घरं पाडावी लागली, माती खरवडून काढावी लागली. ओंजळभर भुकटीने ही अवस्था केली, तीही कुणाचा तसा हेतू नसताना. शहरांच्या संरक्षणाची चर्चा मी हेलिकॉप्टरपेक्षा गोयानियापासून सुरू करणं पसंत करतो, कारण कुलूप कुठे हवं होतं ते इथे स्वच्छ दिसतं.

पहिली फळी: पदार्थच हाती लागू न देणं

डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिकोत एक ट्रक चोरीला गेला. त्यात रुग्णालयातून काढलेला कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. चोरांना बहुधा ट्रकच हवा होता. काही दिवसांत तो पदार्थ एका शेतात सापडला. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारातही कोबाल्ट-६० आला होता. एका विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं प्रयोगशाळेतलं उपकरण लिलावात काढलं होतं. त्यात एका कामगाराचा जीव गेला. १९९३ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे अण्विक आणि किरणोत्सारी साहित्य चोरीला जाणं, हरवणं किंवा बेवारस सापडणं अशा ४ हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांमागे घातपाताचा हेतू नाही, निष्काळजीपणा आहे. पण निष्काळजीपणाने उघड्यावर पडलेली वस्तू कोण उचलेल, हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून सरकारांचं सर्वांत परिणामकारक काम सर्वांत नीरस दिसतं: कुठल्या रुग्णालयात कुठला किरणोत्सारी स्रोत आहे याची नोंद, दारावर मजबूत कुलूप, जुनं यंत्र वेळेवर परत घेण्याची सोय. त्याहून चांगला उपाय म्हणजे तो स्रोतच काढून टाकणं. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांची प्रक्रिया करण्यासाठी अनेक रक्तपेढ्यांत सीझियमची यंत्रं असायची. तेच काम आता क्ष-किरण यंत्राने होतं, आणि त्याची वीज बंद केली की धोका संपतो. फ्रान्स आणि नॉर्वे यांनी हा बदल केला. अमेरिकेने २०१८ मध्ये कायद्याने असं उद्दिष्ट ठेवलं की २०२७ संपेपर्यंत रक्तासाठीची सीझियम यंत्रं वापरातून जावीत. नवं यंत्र घ्यायला सरकार पैशांची मदतही करतं.

रसायनांच्या बाबतीत याच्या उलट घडलं, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. धोकादायक रसायनं साठवणाऱ्या कारखान्यांनी सुरक्षा आराखडा करावा, कामगारांची पार्श्वभूमी तपासावी, असा नियम अमेरिकेत २००७ पासून होता. सुमारे ३,२०० ठिकाणं त्याखाली येत होती. जुलै २०२३ मध्ये संसदेने मुदतवाढ दिली नाही आणि तो कार्यक्रम बंद पडला. तपासनीसांना कारखान्यात जाऊन पाहण्याचा अधिकारच उरला नाही.

यंत्राला काय दिसतं

आता शहरातल्या यंत्रांकडे येऊ. न्यूयॉर्क परिसरात २००६ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. नाव साधं होतं: शहरं सुरक्षित करा. शहराभोवती सुमारे ८० किलोमीटरच्या टापूतल्या पोलिसांना आणि अग्निशमन दलाला किरणोत्सार ओळखणारे डिटेक्टर आणि प्रशिक्षण द्यायचं, ही कल्पना. पुढे लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, शिकागो ही शहरं त्यात आली. कमरेला लावायची छोटी यंत्रं, पाठीवरच्या पिशवीतली मोठी यंत्रं, गाडीवर, बोटीवर बसवलेली यंत्रं. बंदरांवर तर उंच खांबांच्या मधून अख्खा ट्रक जातो आणि त्याची तपासणी होते.

अडचण भौतिकशास्त्राची आहे. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होत नाही, पावपट होतो. तिप्पट लांब गेलं की नववा हिस्सा. किरणोत्साराचंही तसंच आहे. त्यामुळे एखादं यंत्र कोपऱ्यात बसवलं आणि सारी वस्ती त्याच्या नजरेत आली, असं होत नाही. वस्तू जवळून, हळू जायला हवी.

दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक. सीझियम किंवा कोबाल्ट जोरदार किरण सोडतात, ते सापडणं तुलनेने सोपं. अतिसमृद्ध युरेनियम मात्र फारच क्षीण किरण सोडतं. ज्या पदार्थाची सर्वांत जास्त भीती, तोच यंत्राला सर्वांत कमी दिसतो. प्लुटोनियम न्यूट्रॉन सोडतं आणि ते ओळखण्यासाठी हीलियम-३ हा वायू उत्तम. पण हा वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमपासून, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनपासून, मिळायचा. अण्वस्त्रं कमी होत गेली तसा त्याचा साठा आटला, आणि साधारण २००९ पासून संशोधकांना पर्याय शोधावे लागले.

खोट्या घंटांचा हिशेब

'मग यंत्रं अधिक संवेदनशील करा' असं कुणी म्हणेल. इथे थोडं गणित करू. समजा, एका बंदरातून रोज १० हजार कंटेनर बाहेर पडतात आणि यंत्र हजारात एकदाच विनाकारण वाजतं. तरी रोज १० खोट्या घंटा झाल्या, वर्षाला साडेतीन हजारांवर. खरी घंटा दहा वर्षांत एकदाही वाजणार नाही. तिथला माणूस काही महिन्यांत काय शिकेल? घंटा वाजली म्हणजे काही नसतं, हेच.

खऱ्या जगात घंटा अगदी निरुपद्रवी गोष्टींमुळे वाजते. चिनी मातीच्या फरशा, खतं, ग्रॅनाइट यांत नैसर्गिक किरणोत्सार असतो. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला किंवा हृदयाची आण्विक तपासणी करून आलेला रुग्ण स्वतःच यंत्र वाजवतो, कधी कधी उपचारानंतर कित्येक आठवडे. म्हणून अनेक रुग्णालयं अशा रुग्णाला सोबत बाळगायला पत्र देतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणावर असे उपचार झाले असतील, तर प्रवासात ते पत्र जवळ ठेवाच. पोलिसांनी थांबवलं तर घाबरण्याचं कारण नाही. त्यांच्याकडचं दुसरं यंत्र किरणांच्या ऊर्जेवरून पदार्थ कोणता ते सांगतं, आणि आयोडीन म्हणजे औषध हे त्यांना शिकवलेलं असतं.

याच गणितात मोठमोठे कायदे अडकून पडतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ठरवलं की देशात येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच तपासला जावा, आणि २०१२ पर्यंत हे व्हावं. ते आजतागायत झालेलं नाही. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

हवेतले जंतू आणि एक सावध डॉक्टर

२००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी भरलेली पत्रं टपालाने पाठवली गेली. २२ जण आजारी पडले, पाच दगावले. त्यानंतर २००३ मध्ये बायोवॉच हा कार्यक्रम सुरू झाला. तिसांहून अधिक शहरी भागांत हवा ओढणारे पंप बसवले गेले. पंपातल्या गाळणीवर हवेतली धूळ जमते, माणूस ती गाळणी रोज प्रयोगशाळेत नेतो, तिथे जंतूंच्या जनुकांची चाचणी होते. हवेत जंतू आल्यापासून निकाल हाती येईपर्यंत दीड दिवसही जाऊ शकतो. शिवाय काही जंतूंचे भाऊबंद मातीत नैसर्गिकरीत्याच असतात, त्यामुळे हल्ला नसताना धोक्याचे संकेत मिळाले. जागेवरच आपोआप चाचणी करणारी नवी पिढी आणायचा बेत होता. तो २०१४ मध्ये रद्द झाला.

तुलनेला २००१ चाच पहिला रुग्ण घ्या. तो कसा सापडला? फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात संसर्गरोगांच्या डॉक्टरांनी मणक्यातलं द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, जंतूंचा आकार त्यांना खटकला आणि त्यांनी लगेच आरोग्य विभागाला कळवलं. कुठलंही यंत्र वाजलं नव्हतं. जैविक हल्ल्यात हे असंच घडण्याची शक्यता जास्त आहे: कुणीतरी जागरूक डॉक्टर, एक चांगली प्रयोगशाळा आणि फोन उचलणारा आरोग्य अधिकारी. त्यानंतर प्रश्न येतो औषध पोचवण्याचा. अँथ्रॅक्सवर प्रतिजैविकं चालतात, पण लक्षणं दिसण्याआधी सुरू केली तर सर्वांत चांगली. म्हणून अमेरिकेत १९९९ पासून औषधांचा राष्ट्रीय साठा आहे, आणि २००४ पासून मोठ्या शहरांनी सगळ्या लोकसंख्येला ४८ तासांत गोळ्या वाटता येतील अशी तयारी करावी, असं धोरण आहे. लाखो लोकांना दोन दिवसांत रांगेत उभं करून गोळ्या देणं हे शस्त्रविद्येचं काम नाही, आरोग्यव्यवस्थेचं आहे. ती एरवी मोडकळीस आलेली असेल, तर त्या दोन दिवसांपुरती उभी राहणार नाही.

टोकियोची सकाळ

२० मार्च १९९५ रोजी टोकियोत ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरिन हा मज्जासंस्थेवर घाला घालणारा विषारी द्रव सोडला. तेरा माणसं मेली, पुढे आणखी एक. पाच हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत गेले. त्यातले पुष्कळ जण रुग्णवाहिकेची वाट न पाहता चालत, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने पोचले. एकट्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्या दिवशी सहाशेच्या वर रुग्ण आले. सुरुवातीला अग्निशमन दलाकडून वेगळ्याच रसायनाचं नाव कळवलं गेलं. आदल्या वर्षी मात्सुमोतो शहरात याच पंथाने सरिन सोडलं होतं. ते रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरांनी टीव्हीवर लक्षणं पाहिली आणि टोकियोला फोन करून सांगितलं, हे सरिन असावं.

रुग्णांच्या कपड्यांतून विष उडत राहिलं आणि सेंट ल्यूकमधल्या शंभराच्या वर कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. जगभरच्या यंत्रणा यातून एक गोष्ट शिकल्या: दारातच कपडे उतरवा. वरचे कपडे काढले की अंगावरचं बहुतेक दूषण निघून जातं; किरणोत्सारी धुळीच्या बाबतीत ९० टक्क्यांपर्यंत. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. मोकळी जागा, पाणी, अंग झाकायला कपडे आणि सराव लागतो.

भुयारात हवा कशी फिरते हेही सरकारं मोजतात. जुलै २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत निरुपद्रवी वायू सोडून तो किती वेळात कुठे पोचतो ते पाहिलं गेलं. धावणारी गाडी बोगद्यातली हवा पुढे ढकलत नेते, त्यामुळे एका स्थानकात सोडलेला वायू तिथेच थांबत नाही. गाड्या थांबवायच्या की चालू ठेवायच्या, पंखे लावायचे की बंद करायचे, हे निर्णय अशा मोजणीवर ठरतात. शहरातली जी कामं मला मनापासून पटतात, त्यांत हे एक.

इतका खर्च, आणि एकही हल्ला पकडला नाही?

हा आक्षेप रास्त आहे. घडला नाही तो हल्ला कशामुळे घडला नाही, हे सिद्ध करता येत नाही, आणि या अंधाराचा फायदा घेऊन कुठल्याही खर्चाचं समर्थन करता येतं. म्हणून हिशेब मागायलाच हवा. २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने न्यूयॉर्कपासून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाबद्दल स्पष्ट लिहिलं की शहरांनी पैसा मंजूर कामांवरच खर्च केला का, याची पुरेशी माहिती गृहसुरक्षा खातं गोळाच करत नाही.

तरीही यंत्रं फेकून द्या असं मी म्हणणार नाही. भंगारात मिसळलेले बेवारस स्रोत अशाच यंत्रांना सापडतात, आणि गोयानियाच्या भंगार अड्ड्याच्या दारात असं एक यंत्र असतं तर? शिवाय पक्की खबर मिळाल्यावर नेमक्या रस्त्यावर, नेमक्या गाडीजवळ नेलेला डिटेक्टर फार उपयोगी पडतो. चूक होते ती यंत्राला चोवीस तासांचा पहारेकरी मानण्यात आणि त्यासाठी रुग्णालयांच्या, कुलपांच्या पैशाला कात्री लावण्यात.

लोकांना सांगितलं तर घबराट होईल?

जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्क शहराने अणुस्फोट झाल्यास काय करावं याची दीड मिनिटाची चित्रफीत प्रसिद्ध केली. आता हे कशाला, असं म्हणून पुष्कळांनी टीका केली. मला मात्र ती माहिती शांत काळातच दिलेली बरी वाटते. अमेरिकेच्या हवाई राज्यात १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून लोकांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात लोकांनी मुलांना गटारांच्या झाकणांखाली उतरवायचेही प्रयत्न केले. काय करायचं ते आधी माहीत नव्हतं, आणि सरकारचा खुलासाही वेळेवर आला नाही.

मग माहीत काय असावं

अणुस्फोट किंवा किरणोत्सारी धूळ: जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा, शक्य तर तळघरात किंवा मधल्या भागात, खिडक्यांपासून दूर. गाडी काढून पळू नका. गाडीचा पत्रा फारसा आडोसा देत नाही. अणुस्फोटातली धूळ सुरुवातीला भयंकर असते, पण झपाट्याने निवते. वेळ सातपट झाला की किरणोत्सार साधारण दहावा हिस्सा उरतो: पहिल्या तासाच्या तुलनेत ७ तासांनी दहावा, ४९ तासांनी शंभरावा. म्हणूनच पहिले २४ तास आत राहणं इतकं महत्त्वाचं.

विषारी वायू: तिथून वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब जा, वरचे कपडे काढा, अंग धुवा. सदरा डोक्यावरून ओढण्याऐवजी कापून किंवा बटणं सोडून काढा, म्हणजे विष तोंडाला लागत नाही.

आणि आयोडीनच्या गोळ्या. अफवा पसरली की लोक औषधांच्या दुकानांकडे धावतात. ही गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. अणुभट्टीच्या अपघातात, सांगितलेल्या वेळी घेतली तर तिचा उपयोग आहे, विशेषतः मुलांना. सीझियमच्या डर्टी बॉम्बवर तिचा काहीच उपयोग नाही. सीझियम शरीरात गेलं तर प्रशियन ब्लू हे वेगळं औषध असतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. गोयानियातल्या रुग्णांना तेच दिलं होतं.